मुतेसीचा पेपर

"धरा," सिस्टर बेनिग्ना म्हणाल्या, आणि मी हात नीट पुढं करायच्या आतच त्यांनी ते तान्हं बाळ माझ्याकडं दिलं. "पेपर संपेपर्यंत हिला तुम्ही सांभाळा."

"सिस्टर, मला इतक्या लहान बाळाची सवय नाही."

"मलाही नाही."

"शिवणाच्या बाईंना सांगा ना. त्यांना चार मुलं आहेत."

"त्यांना नोकरी आहे, मॅडम खराडे. तुम्हाला नाही."

एवढं बोलून त्या परीक्षेच्या हॉलकडं निघून गेल्या. दारात बंदूकवाला पोलीस उभा होता, बोर्डाकडून आलेले पर्यवेक्षक मुलींचे नंबर तपासत होते, आणि रांगेत सगळ्यांत शेवटी मुतेसी उभी होती. माझ्या हातातलं बाळ तिचं होतं. तिनं वळून पाहिलं, मी मान हलवली, आणि ती आत गेली.

सिस्टर म्हणाल्या ते खरंच होतं. नोकरी होती ती माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला. युगांडातल्या बुसोगा भागात उसाचं मोठं रान आहे. तिथल्या साखर कारखान्यात तो केमिस्ट म्हणून लागला, आणि लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही इस्लामपूरहून तिकडं गेलो. मला काम करायचं परमिट नव्हतं. बी.एस्सी.ला गणित घेतलेली मी दिवसभर क्वार्टरमध्ये बसून खिडकीतून ऊस बघायची. आमच्या इस्लामपूरच्या उसासारखाच ऊस, पण त्याच्याकडं बघून जीव रमायचा नाही. एके दिवशी टेकडीवरच्या सिस्टरांच्या शाळेतून निरोप आला की गणिताचे सर सोडून गेलेत, तुम्ही याल का? पगार देता येणार नाही. मी चपला घातल्या आणि निघाले.

ती मुलींची निवासी शाळा होती. हॉलंडहून आलेल्या जोगिणींनी ती काढली होती. त्यांच्यातल्या आता एकट्या सिस्टर ओडिलिया उरल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, काठी घेऊन चालणाऱ्या. बाकी सगळ्या सिस्टर तिथल्याच होत्या. मुख्याध्यापिका सिस्टर बेनिग्ना ओडिलियांच्याच हाताखाली शिकलेल्या, शेजारच्याच गावच्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि एकदा ठरवलं की न हलणाऱ्या.

मुतेसी माझ्या वर्गातली. गणित तिला आवडायचं असं म्हणणं पुरेसं नाही. फळ्यावर मी एक रीत दाखवली की ती हात वर करून दुसरी सांगायची, आणि दुसरी बरोबर निघाली की खाली बघून हसायची. ऑगस्टमध्ये ती वर्गात यायची बंद झाली. मुलींमध्ये कुजबुज होती. मी सिस्टर बेनिग्नांना विचारलं.

"तिला दिवस गेलेत," त्या म्हणाल्या. "नियम आहे. तिला जावं लागलं."

"कुठं?"

"बापानं घरात घेतलं नाही. तुमच्या क्वार्टरांच्या मागं मजुरांच्या चाळी आहेत ना, तिथं तिची मावशी राहते." मग त्या म्हणाल्या, "मी तिकडं गेले तर गाव बघेल. तुम्ही गेलात तर लोक म्हणतील, मॅडम फिरायला निघाल्यात."

त्या मला काही करा असं म्हणाल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी फिरायला निघू लागले. मावशी खुरपणीला गेलेली असायची. मुतेसी दाराशी चटईवर बसून गणितं सोडवायची. मुलगा कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परीक्षा तोंडावर आली असताना ती बाळंत झाली. तेव्हा मला वाटलं, संपलं. पण परीक्षेचा अर्ज तर आधीच गेलेला होता. तिचा नंबर आला होता.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरांच्या व्हरांड्यात मी चहाला होते. सिस्टर ओडिलियांना बातमी लागली होती.

"तू तिला उद्या बसू देणार आहेस," त्या म्हणाल्या.

"हो," बेनिग्ना म्हणाल्या.

"मागच्या दारानं?"

"पुढच्या."

ओडिलियांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "लोक आपल्या मुली इथं का ठेवतात, बेनिग्ना? गणितासाठी नाही. कुंपणाच्या भिंतीसाठी ठेवतात. मुलगी आत गेली की चार वर्षं तिला कुणी हात लावणार नाही, तिचं लग्न कुणी लावणार नाही, तिला उसात कुणी पाठवणार नाही. त्या भिंतीवर त्यांचा विश्वास आहे. उद्या एक आई त्या बाकावर बसलेली दिसली की तो विश्वास गेला. एकीसाठी तू दहा जणींची शाळा घालवशील."

"कदाचित."

"कदाचित नाही. मी इथं चाळीस वर्षं आहे."

"माझ्या बापानंही भिंत बघूनच मला इथं आणलं, सिस्टर."

"मग?"

"मग तुम्ही मला गणित शिकवलंत."

मी चहा तसाच ठेवून उठले. दोघींपैकी कुणाचं बरोबर ते मला कळत नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. रात्री श्रीरंगला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्यांच्या धर्मातलं, त्यांच्या शाळेतलं प्रकरण आहे, वासंती. आपण परमिटवर आलेली माणसं. तू लांबून बघ."

आणि सकाळी मी आंब्याखाली बाळ घेऊन उभी होते.

सुरुवातीला ती झोपली होती. मुतेसीनं पेपरला जायच्या आधी तिला पाजलं होतं आणि थोडं दूध काढून वाटीत झाकून ठेवलं होतं. आमच्याकडं आत्या बाळांना बोंडल्यानं दूध पाजायची, ते मी पाहिलेलं. पण इथं बोंडलं कुठून आणणार? घरून चमचा आणला होता. मला एका जागी उभं राहवेना. मी हॉलच्या खिडकीशी जायची, मुतेसीचा वाकलेला माथा दिसला की परत फिरायची. प्रश्नपत्रिका कशी आली असेल? पहिल्याच गणिताला अडली असेल का? पुन्हा खिडकीशी. पोलिसानं दोनदा माझ्याकडं रोखून पाहिलं.

तेवढ्यात फाटकातून बालिदावांची पिकअप आत आली. बालिदावा उसाचे मोठे बागायतदार, शाळेच्या पालक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या तीन मुली याच शाळेत होत्या. खालच्या वर्गांना परीक्षेमुळं सुट्टी लागली होती, म्हणून ते त्यांना न्यायला आले होते. मला बघून त्यांनी टोपी काढली.

"मॅडम. हे बाळ कुणाचं?"

खोटं बोलायचं तर काहीतरी सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही. "मुतेसीचं," मी म्हणाले.

"आणि ती?"

"आत आहे. गणिताचा पेपर देतेय."

त्यांनी हॉलच्या दाराकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुमचे मिस्टर लॅबमध्ये आहेत ना? माझ्या उसाचा उतारा तेच काढतात. चांगला माणूस आहे." टोपी घातली आणि मुलींच्या वसतिगृहाकडं गेले. थोड्या वेळानं पिकअप तिन्ही मुलींना घेऊन बाहेर पडली. त्यांच्या गाद्या आणि पत्र्याच्या पेट्याही मागं ठेवल्या होत्या. सुट्टीला जाताना पेट्या कुणी नेत नाही.

माझ्या अंगातली धडधड बाळाला लागली असावी. ती जागी झाली आणि रडू लागली. मी चमच्यानं दूध पाजायला गेले तर अर्धं तिच्या मानेवर सांडलं. तिनं तोंड फिरवलं आणि आणखी जोरात रडू लागली. मी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आडवी केली, झुलवली. शाळा टेकडीच्या उतारावर बांधलेली, त्यामुळं खालचा आवाज वर सगळीकडं जातो. मी हॉलपासून लांब पळाले, पण तिथंही तो रडण्याचा आवाज माझ्यापुढं धावत असल्यासारखा वाटत होता. आणि न राहवून मी परत खिडकीशी येऊन आत पाहिलं.

मुतेसीचं पेन थांबलं होतं. ती ताठ बसली होती. तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर छातीशी दोन ओले डाग पसरत चालले होते. बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो हे मी ऐकलेलं, पण डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं पाहिलं आणि नजर वळवली. पर्यवेक्षकांनीही पाहिलं. ते तिच्याजवळ येऊन हळू काहीतरी बोलले. ते काय बोलले असतील हे मला ठाऊक होतं, सगळ्यांना सकाळीच सांगितलेलं होतं: हॉलच्या बाहेर गेलेल्या मुलीला परत आत येता येणार नाही.

ती उठेल असं मला वाटलं. तिचे दोन्ही हात बाकावर टेकलेले होते, उठताना टेकतात तसे.

"तुम्ही इथं काय करताय?"

मागं सिस्टर ओडिलिया उभ्या होत्या. काठी टेकत त्या टेकडी उतरून आल्या होत्या, दम लागला होता.

"ती गप्प होत नाही, सिस्टर."

"ते मला ऐकू येतंय. त्या पोरीलाही ऐकू येतंय. चला."

त्या पुढं, मी मागं. चॅपलच्या भिंती शाळेत सगळ्यांत जाड होत्या. आत शिरून त्यांनी दार ओढून घेतलं, बाकावर बसल्या आणि काठी बाजूला ठेवून हात पुढं केले. मी बाळ दिलं. त्यांनी तिला खांद्यावर उभी धरली, पाठीवर खालून वर असा हात फिरवला, आणि दोन-तीनदा बेतानं थोपटलं. बाळानं मोठा ढेकर दिला. मग हुंदके देत देत ती शांत झाली.

"पोटात वारा धरला होता," ओडिलिया म्हणाल्या. "चमच्यानं पाजताना डोकं वर ठेवायचं. द्या ती वाटी."

त्यांनी तिला पाजलं. एक थेंब सांडला नाही. मी समोर उभी होते. मला तिथं थांबवत नव्हतं, हॉलमध्ये काय झालं ते बघायचं होतं. पण दार उघडलं तर आवाज जाईल म्हणून जाताही येत नव्हतं.

"सिस्टर, तुमचं मत बदललं का?" मी शेवटी विचारलं.

"नाही."

"मग?"

"बाळ रडत होतं," त्या म्हणाल्या. वाटी रिकामी झाल्यावर त्या म्हणाल्या, "बालिदावा पेट्या घेऊन गेला, पाहिलंत ना? फेब्रुवारीत शाळा उघडेल तेव्हा बघा. मी म्हणते ते खरं ठरू नये अशी माझी इच्छा आहे. पण ते खरं ठरेल."

घंटा झाली तेव्हा मी धावतच बाहेर आले. मुली घोळक्यानं बाहेर पडत होत्या. मुतेसी शेवटी आली, वही छातीशी धरून. पेपर टाकून ती मधेच उठली नव्हती. आंब्याखाली बसून तिनं बाळाला पदराआड घ्यावं तसं आपल्या स्वेटराआड घेतलं, आणि डोळे मिटले.

"कसा गेला?" मला धीर धरवेना.

"शेवटचं राहिलं. स्पर्शिकेचं."

"त्रिज्या दिली होती?"

"नाही, जीवा दिली होती."

मी काडी उचलून तिथल्या लाल मातीत वर्तुळ काढलं. ती पाजता पाजता वाकून बघत होती. मधेच म्हणाली, "हां, इथून लंब टाकायचा होता," आणि तोंड वाकडं केलं. त्या एका गणिताचं तिला इतकं वाईट वाटत होतं की मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्या संध्याकाळी श्रीरंग उशिरा घरी आला. बूट काढता काढता म्हणाला, "बालिदावा आज लॅबमध्ये येऊन बसला होता. काही बोलला नाही. नुसता बसून राहिला."

"मग?"

"मग काही नाही. मी माझं काम केलं." तो हात धुऊन आला, ताटावर बसला, आणि जेवता जेवता म्हणाला, "पेपर कसा गेला तिला?"

पुढचे महिने मला बरे गेले नाहीत. डिसेंबरात शाळेच्या मंडळाची बैठक झाली. सिस्टर बेनिग्नांना बोलावून घेतलं. वसतिगृह भरलं नाही तर शाळा चालवायची कशी, आणि मुख्याध्यापिका कोण ठेवायची, याचा विचार करावा लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं. बालिदावा गावोगाव काय बोलत होते ते बाजारातही कानावर यायचं. मी भाजी घ्यायला गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. जानेवारीच्या शेवटी निकाल लागला. मुतेसी पास झाली. गणितात तिला वरची श्रेणी मिळाली, शाळेत सगळ्यांत वरची. पुढं तिला जिंजा शहरातल्या एका शाळेत प्रवेश मिळाला. बाळ मावशीकडं ठेवून ती गेली. जाताना मला भेटायला आली. गावात तिच्या निकालाचं कौतुक कुणाला होतं, असं मला तरी दिसलं नाही.

शाळा उघडायच्या दिवशी मी सकाळपासून फाटकाशी उभी होते. सिस्टर बेनिग्ना टेबल मांडून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर, सावलीत, काठीवर हनुवटी टेकून सिस्टर ओडिलिया. दरवर्षी या दिवशी रस्ता गजबजलेला असायचा, सायकलींच्या मागं गाद्या बांधून बाप यायचे. त्या दिवशीही मुली आल्या, पण तुरळक. बालिदावांच्या आल्या नाहीत. त्यांच्या गावच्या कुणीच आल्या नाहीत. दुपार झाली. मी आत जाऊन वर्ग बघून आले आणि परत आले आणि पुन्हा आत गेले. शेवटच्या दोन ओळींतले बाक रिकामेच होते.

बेनिग्नांनी एकदा ओडिलियांकडं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं बघू लागल्या.

उन्हं कलल्यावर एक बाई आली. तिशीची असेल. अंगात बुसोगातल्या बायका घालतात तसा टोकदार खांद्यांचा झगा, कडेवर एक मूल, हाताला धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. फाटकाशी येऊन ती थांबली. मला वाटलं, मुलीला शाळेत घालायला आलीय, पण ही तर फारच लहान आहे.

"हिचं वय बसत नाही हो," मी तिला म्हणाले. "प्राथमिक शाळा तिकडं, चर्चच्या मागं."

"हिच्यासाठी नाही," ती म्हणाली. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण शाळेतलं होतं. "मी इथंच तिसऱ्या वर्षाला होते. अर्ध्यातून जावं लागलं." तिनं कडेवरचं मूल सावरलं. "ऐकलं की आता बसू देतात."

सिस्टर बेनिग्ना उठून उभ्या राहिल्या. त्यांनी काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला.

"ॲना नाबिर्ये."

ती बाई दचकली. मग तिथल्या रीतीप्रमाणं मोठ्यांपुढं बायका टेकतात तसे तिनं गुडघे टेकले, मुलासकट, त्या लाल मातीत. ओडिलिया काठीवर जोर देऊन उठल्या आणि तिच्यापाशी गेल्या. त्यांनी वाकून तिचा दंड धरला. उठवायला त्यांच्या अंगात जोर नव्हता, तरी त्यांनी हात सोडला नाही.

"तू खिडकीपाशी बसायचीस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बाकावर. भूमितीत कच्ची होतीस."

"हो, सिस्टर."

"या मॅडम शिकवतील. उठ."

बेनिग्नांनी टेबलावरचं पेन उचललं, पण त्या लिहीत नव्हत्या. मी रस्त्याकडं पाहिलं. खालच्या वळणावर उसाच्या कडेनं आणखी दोघी उभ्या होत्या. एकीच्या डोक्यावर टोपली होती. यावं की न यावं अशा विचारात त्या एकमेकींशी बोलत होत्या. मी हात केला.

पुढं त्यांच्यासाठी दुपारचा वेगळा वर्ग काढावा लागला. बालिदावांनी धाकटीला परत पाठवलं, पण ते दोन वर्षांनी. सिस्टर बेनिग्नांची बदली झाली ती झालीच, आणि आम्ही तिथून निघालो तेव्हा शेवटच्या ओळींत माझ्यापेक्षा मोठ्या बायका बसून लंब टाकत होत्या. ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सूर्य उसाआड जाईपर्यंत फाटकातून सात जणी आल्या. सिस्टर ओडिलिया टेबलाशी उभ्याच होत्या, कुणी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. आणि त्या सात जणींपैकी एकीलाही आपलं नाव सांगावं लागलं नाही.